रेडकू लागल्याशिवाय पान्हा फुटत नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मावशी, मी कसबा बावड्यात राहते, वय २६. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. पहिलीच मुलगी, साडेतीन महिन्यांची. जन्मताना २ किलो ७०० ग्रॅम होती, गेल्या आठवड्यात चौदा आठवड्यांच्या डोसाला नेली तेव्हा ५ किलो २०० भरली. दिवसात सात-आठ वेळा शू करते. पण संध्याकाळी सहा ते नऊ नुसती किरकिर. पाजून खाली ठेवलं की पाच मिनिटांत पुन्हा तोंड शोधते. सासूबाई म्हणतात, तुला दूध पुरत नाही आणि आहे तेही पाण्यासारखं पातळ. जाऊबाईंनी पावडरचा डबा आणून दिला. दहा दिवस झाले, रात्री झोपताना एक बाटली देतोय. आता ती अंगावर घेतलं की चिडते आणि मला छाती रिकामीच वाटते. सासूबाईंचं म्हणणं, पुढच्या महिन्यापासून म्हशीचं दूध पाणी घालून सुरू करू आणि मुलगी आहे म्हणून पाचव्यात उष्टावण उरकू. त्यांची दोन्ही मुलं अशीच वाढली. मधात उगाळून गुटीही चालू आहे. बाळंतपणाआधी आठ आठवडे रजा घ्यावी लागली होती, म्हणून आता तीन आठवड्यांत कामावर हजर व्हायचंय. मी आई म्हणून कमी पडतेय का?’

पोरी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, कमी पडत नाहीस. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, तुझ्याच पत्रातल्या आकड्यांवरून म्हणते. २ किलो ७०० वरून ५ किलो २००, म्हणजे चौदा आठवड्यांत अडीच किलो. आठवड्याला सरासरी पावणेदोनशे ग्रॅम. जन्माच्या वजनाची दुप्पट साधारण पाचव्या महिन्यात व्हावी अशी अपेक्षा असते, तुझी लेक आत्ताच तिथं पोचत आलीय. बाटली दहा दिवसांची आहे, वजन चौदा आठवड्यांचं आहे. मग हे अडीच किलो आले कुठून? तुझ्याच अंगावरून ना?

दूध पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरत नाही, आणि छाती कशी लागते त्यावरूनही नाही. ते कळतं वजनाच्या काट्यावर आणि ओल्या दुपट्यांवर. फक्त आईच्या दुधावरचं बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि वजन महिन्याला अर्धा किलोच्या आसपास किंवा जास्त वाढत असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळची किरकिर जवळपास प्रत्येक घरात असते. या वयाची बाळं तिन्हीसांजेला लागोपाठ पितात, रात्रीच्या झोपेची बेगमी करून घेतात आणि दिवसभराचा शीणही रडून काढतात. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर जरूर काढू देत. पण त्या रडण्याचा अर्थ ‘भूक भागली नाही’ असाच लावून डबा उघडला, तिथून घोळ सुरू झाला.

छाती रिकामी वाटते, तेही ठीक आहे. पहिल्या महिन्यात छाती दगडासारखी होते, अंगावरून गळतं, कपडे भिजतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज येतो आणि साठवून ठेवण्यापेक्षा बाळ पितं तसं दूध तयार होत जातं. मऊ छाती म्हणजे आटलेली छाती नव्हे.

आता खरा मुद्दा. आपण कोल्हापूरची माणसं, दुधातलं आपल्याला कळतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून घेणारं हे गाव. कुठल्याही गवळ्याला विचार, रेडकू लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडते का? कासेला रेडकाचं तोंड लागलं की पान्हा फुटतो. भेदरलेली म्हैस दूध चोरते. एक वेळची धार चुकवत गेलं की म्हैस हळूहळू आटते. बाईच्या शरीराचं गणित यापेक्षा वेगळं नाही. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं, हाच आपला पान्हा. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. छातीत दूध तसंच साचून राहिलं तर शरीर समजतं की मागणी घटली, आणि काम कमी करतं. त्यात प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणजे तुम्ही बाटलीला दिलीत ती नेमकी सर्वांत मोलाची वेळ. बाटलीच्या बुचातून दूध आयतं गळतं, अंगावर ओढावं लागतं. म्हणून लेक आता चिडते. ती तुझ्यावर रुसलेली नाही गं, तिला सोपं सापडलंय.

‘दूध पुरत नाही’ ही भीती सुरुवातीला खोटी असते, वरच्या दुधानं ती हळूहळू खरी होते. मी तीसेक वर्षं लहान मुलं तपासली, आणि ‘माझं दूध आटलं’ म्हणत आलेल्या बहुतेक आयांच्या घरी आटण्याच्या आधी डबा आलेला होता.

सुदैवानं दहा दिवस फार नाहीत, मागं फिरता येतं. रात्रीची बाटली बंद कर आणि त्या वेळी लेकीला कुशीत, उघड्या अंगाला अंग लावून, पडून पाज. भुकेनं कळवळेपर्यंत थांबू नकोस. ती हात चोखायला लागली, मान वळवून शोधायला लागली की लगेच घे. तोंड मोठं उघडल्यावरच लाव. नुसतं बोंड तोंडात गेलं तर तुला दुखतं आणि तिला दूध येत नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर मुडपलेला आणि गाल भरलेले दिसले की बरोबर लागली समज. दोन-चार दिवस ती सारखी मागेल. त्या दिवसांत तू बाकी काही करायचं नाहीस, भाकरी थापायची नाहीस आणि पाहुण्यांना चहाही द्यायचा नाहीस. शू मोजत राहा आणि आठवड्यानं वजन कर, अंगणवाडीत काटा असतो. शू सहाच्या खाली गेली, बाळ मलूल वाटलं किंवा वजन अडलं तर वाट बघू नकोस, मुलांच्या डॉक्टरांकडे नाहीतर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, दाखव.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. काही थोड्या आयांना खरोखरच दूध कमी येतं. थायरॉइडचा आजार असतो, छातीची शस्त्रक्रिया झालेली असते, वार पूर्ण पडलेली नसते. काहींना औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर हे अन्नच आहे, आणि त्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही. त्यांनी इतकंच जपायचं की पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची, मग कोमट करून पाजायचं. डब्यावरच्या मापापेक्षा पाणी जास्त नको आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा घ्यायचा. तू त्या थोड्यांपैकी नाहीस, तुझं वजनकार्ड तसं सांगतंय.

जाऊबाईंनी डबा मायेनं आणला असेल, त्यांच्यावर राग धरू नकोस. पण डब्याचा इतिहास तुला ठाऊक असू दे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली सिंगापुरात जाहीर भाषणात सांगितलं होतं की गरीब आयांच्या गळी डब्याचं दूध उतरवून बाळं मारली जात आहेत. पुढची चाळीस वर्षं आफ्रिका-आशियात तेच चालू राहिलं. कंपन्यांनी पाठवलेल्या पांढऱ्या कपड्यातल्या बायका प्रसूतिगृहात फुकट डबा देत. तो संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे. मग डबा विकत घ्यायचा. साडेतीन-चार महिन्यांचं बाळ नुसत्या पावडरवर असेल तर ४०० ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. परवडेना की घरचे चमचे कमी करतात आणि पाणी वाढवतात, तेही न उकळलेलं. मग जुलाब, मग बाळ सुकत जाणार. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेनं ११८ विरुद्ध १ मतांनी या विक्रीला आवर घालणारी संहिता मंजूर केली, विरोधातलं ते एक मत अमेरिकेचं. आपल्या देशानं १९९२ मध्ये कायदाच केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या बाळांचं दूध, बाटली, डब्याचा आहार यांची जाहिरात करायला मनाई आहे, फुकट नमुने वाटायला, डॉक्टर-नर्सना भेटी द्यायला मनाई आहे, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रही छापता येत नाही. इतका कडक कायदा एखाद्या खाद्यपदार्थासाठी उगाच होत नाही.

आणि लांबचं कशाला, २०१९ चा ऑगस्ट आठव. महापुरात महामार्ग बंद, दुधाच्या गाड्या अडकलेल्या, नळाला पाणी नाही, वीज नाही. शिरोळकडच्या गावांतून बायका कडेवर पोरं घेऊन बाहेर पडल्या. अशा वेळी बाटली उकळायची कशात आणि पावडर कालवायची कुठल्या पाण्यात? अंगावर पिणाऱ्या बाळाचं जेवण तेवढं आईबरोबर होडीत बसलं होतं.

दूध पातळ दिसतं, बरोबर आहे. आपल्या डोळ्यांना सायीचं म्हशीचं दूध ओळखीचं. त्याच्याशी तुलना केली तर माणसाचं दूध निळसरच दिसणार, त्यात सुरुवातीचं आणखी पातळ आणि शेवटचं दाट असतं. म्हणून एक बाजू पुरती पिऊ दे, मग दुसरी. म्हशीच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या चौपटीच्या घरात आणि फॅटही खूप जास्त. रेडकाला जन्मल्यावर काही तासांत उभं राहायचं असतं, वर्षभरात थोराड व्हायचं असतं. आपल्या बाळाचं आधी डोकं वाढतं, अंग सावकाश, म्हणून त्याच्या दुधात साखर जास्त आणि प्रथिनं बेताची. म्हशीचं दूध कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातं. पाणी घालून पातळ केलं तर ताकद कमी होते, आणि लोह जे आधीच नगण्य आहे ते वाढत नाही. असं वाढलेलं बाळ गुबगुबीत दिसेल पण रक्त कमी निघेल. गाय असो वा म्हैस, वर्ष पूर्ण होईपर्यंत ते दूध बाळाचं मुख्य अन्न नको. कोल्हापूरच्या तालमीत दुधाचा तांब्या शोभतो, पण तो पैलवानाच्या हातात, चार महिन्यांच्या पोरीच्या नव्हे.

मध आजच बंद कर. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा विषार होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. गुटीतलं जायफळ आणि वेखंडही या वयाला नको. उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ८८ टक्के पाणीच आहे. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेव.

आता नोकरी. तुझी खरी अडचण हीच आहे आणि ती तुझी एकटीची नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, पण आठ आधी गेले की मागे अठरा आठवडे, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने उरतात. आणि नुसतं अंगावरचं पाजायचं ते सहा महिने. मधल्या पावणेदोन महिन्यांचा पूल आपल्याला बांधायचाय.

तो दूध काढून ठेवून बांधता येतो, यंत्र नसलं तरी. आजपासूनच सवय कर. सकाळी पहिल्यांदा पाजलंस की दुसऱ्या बाजूचं हातानं काढ. हात धुवायचे, छातीला कोमट फडक्यानं शेकायचं, हलकं चोळायचं. अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं धर. आधी बरगड्यांकडे दाब, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाब, सोड. पुन्हा तसंच. बोंड ओढायचं नाही, कातडीवरून बोट घासायचं नाही. पहिल्या दिवशी दोन चमचे निघतील. त्यावरून ‘बघा, आहेच कुठं’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस, हाताला बाळाइतकं काढता येत नाही आणि हाताचा सराव आठवडाभरात होतो. समोर लेक असेल, नाहीतर तिचं दुपटं नाकाशी असेल, तर पान्हा लवकर फुटतो.

उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दूध ठेव. घरात सावलीला चार तास, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास. डब्यावर वेळ लिही. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, उकळायचं नाही. वर साय धरल्यासारखी दिसेल, हलकं हलवलं की मिसळते. उष्टं राहिलेलं ठेवायचं नाही. तू नऊ तास बाहेर असशील तर एकूण तीनशे मिलीच्या आसपास लागेल, एका वेळी साठ ते नव्वद.

ऑफिसात हजर होण्याआधी साहेबांशी बोल. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामावर असतील तर पाळणाघराची सोय मालकानं करायची आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता येतं. तुझ्या फौंड्रीत बायका कमी असतील, कुणी आजवर मागितलं नसेल. तू माग. कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची आणि हात धुवायला नळ, इतकंच म्हण. संडासात बसून दूध काढायचं नाही, हे मात्र ठामपणे. बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा बरोबर ने. घरी आल्याआल्या चप्पल काढून लेकीला घे, बाकीची रात्र आणि रविवार अंगावरच.

तुझ्या पत्रात नवऱ्याचं नाव एकदाही आलेलं नाही. त्यालाही काम दे. डबे उकळणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, रात्री तुला तांब्याभर पाणी आणून देणं. बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. रोज एक जेवण जास्त, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आवडत असेल तर खा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने पुऱ्या कर.

उष्टावण. मुलीचं विषम महिन्यात करायचं ना? मग सहा महिने पुरे होऊ देत, तेव्हा सातवाच लागलेला असतो. रीतही राहिली आणि पोटही. पण त्यानंतर एक दिवसही उशीर नको, कारण सहा महिन्यांनंतर नुसतं दूध खरंच अपुरं पडायला लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या जवळजवळ ६४ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळत होतं. पण सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांमध्ये पुरेसा आहार मिळणारी होती फक्त ११.३ टक्के. मला ही दुसरी संख्या झोपू देत नाही. वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट यावर आपली मुलं वर्ष काढतात. चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये, इतका घट्ट हवा. मुगाची मऊ खिचडी तूप घालून, मोड आणून भाजलेल्या नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेलं रताळं. दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंडं लवकर सुरू करा. रविवारी घरी मटण शिजतं तेव्हा बाळाला पांढऱ्या रश्श्याचं पाणी चाटवून भागत नाही. तिखट घालण्याआधी दोन तुकडे बाजूला काढून, अगदी मऊ शिजवून, वाटून द्या, लोह त्यात आहे. मीठ, साखर आणि आपला गूळही वर्षानंतर. आणि अंगावरचं दूध दोन वर्षं, त्यापुढंही दोघींना हवं तोवर.

सासूबाई, हे पुढचं तुमच्यासाठी. सुनेनं तुम्हाला वाचून दाखवावं असं तिला सांगतेय. तुमची मुलं तुम्ही वाढवलीत, शेतातलं, घरातलं करत, कुणाची रजा नाही की कुणाचा आधार नाही. तेव्हा हाताशी होतं ते दिलंत, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण रेडकू लावण्याआधी गोठ्यात आरडाओरडा करू नये, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ‘तुला दूध नाही’ हे वाक्य त्या ओरड्यासारखंच आहे, पान्हा तिथंच थिजतो. तीन आठवड्यांनी ती कामावर जाईल तेव्हा तिचं दूध तुमच्या हातूनच नातीच्या पोटात जाणार आहे. बाटली नको, चिंचोळ्या जागा धुऊन निघत नाहीत. नातीला मांडीवर जरा बसती धरायची, ओठाला वाटीची कड टेकवायची, ती जिभेनं ओढेल तसं तिच्या वेगानं पाजायचं. पहिले दोन दिवस सांडेल. तुमच्या मुलांच्या वेळचं बोंडलं, ती चोचीची छोटी वाटी, माळ्यावर असेलच. ते काढून, घासून, उकळून ठेवा.